डिलीट न केलेले फोटो

परवा सोमवारी दुपारी प्राजक्ता आमच्या मुरबाडच्या घरी आली... न कळवता. दारात नुसतीच उभी. मला वाटलं, भेटायला आली असेल. उशिरा का होईना, बरेच जण येऊन गेले तसे.

प्राजक्ता आटगावची, फोटोग्राफर. आमच्या लग्नाचे फोटो तिनेच काढले होते. मला दिवस गेल्यावर निलेशने, माझ्या नवऱ्याने, बाळंतपणाचे फोटो काढायलाही तिलाच सांगून ठेवलं. मोबाईलवर कुठेतरी बघितलं होतं त्याने... आईच्या छातीवर ठेवलेलं बाळ, डोळे पुसणारा बाप. आपल्याकडे असं कोणी करत नाही, म्हणून त्याला हौस जरा जास्तच.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "बाळंतिणीच्या खोलीत आमी परक्या माणसाला पाय ठेवू देत नाय, आन तुमी फोटोवाली बोलवता?" या विषयावरून त्यांनी निलेशशी अबोला धरला होता. जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत.

माझ्या डॉक्टर शहापूरच्या. त्यांनी परवानगी दिली होती, पण ऐन वेळी सगळंच बिनसलं... बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि घाईघाईने सिझर करायचं ठरलं. प्राजक्ताला बाहेर थांबवलं.

मी शुद्धीत होते. पडद्याच्या पलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून नुसता कान देऊन पडले होते... आत्ता बाळ रडेल, आत्ता रडेल. ती रडलीच नाही. नर्स तिला घेऊन पळाली तेव्हा कापडातून बाहेर आलेला एक तळपाय मला दिसला. तेवढाच.

मुलगी झाली, श्वास नीट घेत नाही, ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवतोय... एवढं सांगितलं मला. त्याच संध्याकाळी ती गेली.

मला टाके होते, उठताही येत नव्हतं. घरच्यांनी तिला परस्पर गावी नेऊन मातीत ठेवलं. बाळंतिणीने बघू नये म्हणे. मी घरी आले तेव्हा आवरून ठेवलेली झबली-दुपटीसुद्धा कोणीतरी हलवली होती.

त्यानंतर घरात तिचा विषय बंद. निलेश लवकर कामावर जायचा, उशिरा यायचा. सासूबाई मला ऊन पाणी, शेक, पेज... सगळं वेळेवर द्यायच्या आणि न बोलता बाहेर जायच्या. मला दूध येत होतं. रात्री गाऊन ओला व्हायचा, आणि कोणाला सांगावं तेही कळायचं नाही.

तर परवा प्राजक्ता आली. सासूबाई मागच्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. ती हळूच म्हणाली, "ताई, निलेशदादांनी मला सगळे फोटो डिलीट करायला सांगितलेत. तुम्हाला दाखवू नको म्हणाले. पण तुम्हाला न विचारता मी कसे करू? नको असतील तर आत्ता तुमच्यासमोर करते."

मला आधी कळेचना... कसले फोटो? तिने सांगितलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाळाला ऑपरेशनच्या बाजूच्या खोलीत ठेवलं होतं. तिने कॅमेरा बॅगेत टाकला होता. मग तिच्या मनात आलं, ताईंनी तर बघितलंच नाही. नर्सला विचारून तिने पुन्हा बाहेर काढला. ते फोटो तिने माझ्या मोबाईलवर पाठवले.

आणि मी माझी मुलगी बघितली.

नाकाशी नळी होती. पण केस... केवढे केस होते तिला! हनुवटी माझी, कपाळ निलेशचं. एका फोटोत तिने निलेशचं बोट धरलं होतं आणि तो तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता.

पुढच्या फोटोत सासूबाई होत्या. डोक्यावर पदर, बाळावर अगदी ओणवलेल्या. एका हाताचा आडोसा करून तिच्या कानात काहीतरी सांगत होत्या. मी प्राजक्ताकडे बघितलं. "काय म्हणाल्या ते मला ऐकू नाही आलं, ताई. दादा ॲम्ब्युलन्ससाठी बाहेर गेले होते तेव्हा."

मी मोबाईल घेऊन मागे गेले. सासूबाईंनी फोटो बघितला आणि सूप खाली ठेवलं. ओरडतील असं वाटलं मला.

"आई, काय बोललात तिच्या कानात?"

त्यांनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "नाव ठेवलं गो. पोर काय ऱ्हात नाय, ते मला कळलंवतं. बिननावाची कशी जाऊ द्यायची?"

"काय ठेवलंत?"

"कृष्णा. सावळी होती ना, तुझ्यासारखी."

आम्ही दोघी तिथेच बसून रडलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एकमेकींसमोर. प्राजक्ता दारापाशी उभी राहून डोळे पुसत होती.

संध्याकाळी निलेश आला, मोबाईलवरचा फोटो बघून त्याचा चेहराच उतरला. "तिला सांगितलं होतं मी डिलीट कर म्हणून..." आवाज चढायला लागला तसं सासूबाई म्हणाल्या, "गप बस निल्या. तुझी पोरगी हाय. कृष्णा नाव तिचं. बघ." तो बुटांसकटच खाली बसला. एकेक फोटो बघत गेला, आणि संपले की पुन्हा पहिल्यापासून.

बरं वाटतंय असं नाही म्हणणार. अजून सकाळी उठावंसं वाटत नाही, मोबाईलवर दुसऱ्यांच्या बाळांचे फोटो आले की मी पटकन पुढे सरकवते. ज्या क्षणांसाठी प्राजक्ताला बोलावलं होतं, त्यातला एकही आमच्या वाट्याला आला नाही.

पण प्राजक्ता, तू मला विचारायला आलीस... त्यासाठी हे लिहिलं. घरात आता रडू येतं तेव्हा तिघंही तिचं नाव घेऊन रडतो.