आखूड ओढणी

कोकणातलं हे तळं गप्प असतं. कडेला चिखल, पुढं एकदम हिरवंगार खोल पाणी. काजूच्या कारखान्यातल्या आम्ही बाया सुट्टीला इथं पोहायला येतो. मी पहिल्यांदाच आले होते, गुडघाभर पाण्यातच उभी होते. सातवीत शाळा सुटली, गाव लांब राहिलं. इथं काही झालं तर घरी कोण सांगेल, हेच डोक्यात.

आमच्या गावाकडं पोहायचं ते विहिरीत, कमरेला दोर बांधून. दोर धरून बाप वर काठावर उभा. दुसरं काही सुचेना, म्हणून मी ओढणी कमरेला बांधली आणि तिचं टोक सुगंधाताईपुढं धरलं. कारखान्यात ती माझ्या शेजारी बसून काजू सोलते.

बाया खिदळल्या. "काय गो, वासरू बांधलंस?"

सुगंधाताईनं टोक मनगटाला गुंडाळलं. मी खोल पाण्याकडं सरकले आणि पाय उचलले. नाकात पाणी गेलं. विहिरीतला दोर लांब असतो, धरणारा कोरडा राहतो. ओढणी आखूड, म्हणून ताईही गळ्यापर्यंत पाण्यात आली.

काठावर आल्यावर म्हटलं, "ताई, तुम्हाला पोहता येतं म्हणून बरं."

"माका खंय पोवाक येता!" ती म्हणाली आणि ओढणी पिळायला लागली. म्हणजे पोहता तिलाही येत नव्हतं.