मेंढ्याचं माप

गिअरमावशी उतारावर ब्रेक लावतच नाही, असं गावात कुणीही सांगेल. तसं काही नाही. लावते, पण एका बोटाने लावते, कपाचा कान धरावा तसा. साठी उलटलेली बाई, अंगाने काटकुळी. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तर तिने अंबाडा नाही सोडला, हेल्मेटला मागून भोक पाडलं. जाड टायरच्या त्या सायकलवर ती विझलेल्या डोंगराच्या खांद्यावरून खाली सुटली की बघणारा डोळे मिटून घेतो, आणि ही आपली तोंडात लवंग चघळत असते.

तिचा धंदा सायकल दुरुस्तीचा. तो ती शिकली काज करता करता. नवरा शिंपी. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं, तीही म्हणते. लग्नानंतर बरीच वर्षं ती त्याच्या दुकानात बसून शर्टांना काज करायची, बटणं लावायची. मग कुणी परगावचा माणूस गिअरची सायकल मोडून घेऊन आला, दुकानाच्या भिंतीला टेकवली, आणि मिळेल त्या गाडीने जो गेला तो परत फिरकलाच नाही. हिने ती जुन्या चादरीवर पसरून पार उकलली. मास्तर अजून सांगतात, "स्वेटर उसवावा तशी उसवली हो. मला वाटलं, गेली भंगारात. पण जन्मभर काज केलेल्या बाईला बारीक भोकाची कसली भीती?"

तेव्हापासून खोली एक आणि दुकानं दोन. मध्ये मास्तरांनी कापडावर मारतात त्या खडूने रेघ ओढली आहे. रेघेच्या अलीकडे ग्रीस यायचं नाही, पलीकडे कापड जायचं नाही. एकदा डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटावर साखळीचा ठसा उमटला तेव्हा नवरा-बायको दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कोट मात्र बाईंनी तसाच घातला. म्हणाल्या, "कोटाला नक्षी कोण करून देतं हल्ली?"

पण मावशीचं नाव झालं ते वाटेमुळे.

आमच्या गावाला समुद्र दिसतो, पण मिळत नाही. मध्ये शेतं, शेतांचे दगडी बांध, मग तो विझलेला डोंगर आणि डोंगरापलीकडे काळा खडक. कधीकाळी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, हा डोंगर पेटला, वितळून ओघळला, समुद्राला भिडला आणि तिथेच थिजला. सरळ जायचं म्हणून कुणी म्हणत नसे. डांबरी रस्ता लांबून वळसा घालून बंदरावर जातो, गाव त्याच रस्त्याने जायचं. मावशीने पहार, कुदळ आणि घमेलं घेऊन सरळ वाट काढली. रोज दुपारी दुकान बंद की ही डोंगरावर. लोक म्हणायचे, खजिना पुरलाय की काय. ती म्हणायची, "पुरलाय ना. तुम्ही पण या, घमेलं देते." मग कुणी येत नसे.

वाट झाली मात्र खजिन्यासारखीच. सुरुवातीला दोन शेतांमधून, बांधाला कोपर घासत जाते. मग माती लाल होते, पायाखाली राखेचे खडे भाजक्या चण्यांसारखे कुरकुर वाजायला लागतात. तिथे सायकल आपल्या मनाने चालते, हँडल घट्ट धरलं की आपटलात. "सैल धर," मावशी मागून ओरडते, "गाय धरलीस काय?" डोंगराच्या खांद्यावर एकदम वारा अंगावर येतो आणि खाली सगळा समुद्र उघडा पडतो. तिथून उतार. काळा दगड कुठे दोरखंडासारखा पिळलेला, कुठे पिठाच्या गोळ्यासारखा फुगून फुटलेला. एक पोकळ बोगदा आहे, त्यातून पूर्वी वितळलेल्या दगडाचा रस वाहिला म्हणतात, आता त्याच्या तोंडातून भर उन्हाळ्यातही गार हवा येते. आणि अगदी शेवटी कडेला दगडाचे खांब, सहा कोनांचे, दुकानापुढे रांग लावून उभे असावेत तसे दाटीने. लाट आली की त्यांच्या फटींतून पाणी वर उसळतं. मी पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा गुडघा फुटला होता, आणि तो फुटलाय हे मला घरी आल्यावर कळलं.

या सगळ्याच्या मध्ये ताईचं कुरण. ताई म्हणजे मावशीची थोरली बहीण. मेंढरं पाळते, एकटी राहते, नाकावर माशी बसू देत नाही. कुरणाच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला असा खडक की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकेल. म्हणजे वाट जायची तर ताईच्या वरच्या फाटकातून आत आणि खालच्या फाटकातून बाहेर. ताईने परवानगी दिली ती एका अटीवर.

"तुझ्या माणसांमुळे माझ्या मेंढराला त्रास झाला तर वाट बंद. मग रडत यायचं नाही."

"मी कधी रडत आले गं?"

"आलीस. माझा फ्रॉक फाडून आली होतीस."

मावशीने ती अट अशी मनावर घेतली की विचारू नका. दर सुट्टीच्या दिवशी तिच्या मागून सायकलींची रांग निघायची: दवाखान्यातला कंपाउंडर, शाळेतल्या बाई, टपालवाला, अधूनमधून शहरातली चार पोरं. सगळ्यांना नियम एकच. सगळ्यात मागचा माणूस उतरणार, फाटक लावणार, हलवून बघणार आणि ओरडणार, "लागलं". ते ऐकल्याशिवाय मावशी पुढे पॅडल मारत नसे.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी मास्तरही आले. ते वर्षातून एकदा येतात, आपणच शिवलेल्या गादीदार चड्डीची परीक्षा घ्यायला. अर्थातच सगळ्यात मागे. ताई घरी नव्हती, दाढ काढायला शहरात गेली होती. जाताना तिने खालचं फाटक सताड उघडून दोरीने बांधून ठेवलं होतं. खाली खडकाच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे, उन्हाळ्यात कुरणातली टाकी आटली की मेंढरं आपली आपण तिथे जाऊन पाणी पिऊन येतात. पुढे समुद्र, त्यामुळे पळून जायची भीती नाही. मावशी आणि बाकीचे उघड्या फाटकातून सुसाट खाली गेले. मागून मास्तर आले. फाटक उघडं. बायकोचा नियम डोक्यात पक्का. त्यांनी बिचाऱ्यांनी दोरी सोडली, फाटक लावलं, आणि तीच दोरी त्याला शिंप्याच्या हाताने आवळून बांधली. हलवून बघितलं. ओरडले, "लागलं".

खाली मावशीने ऐकलं आणि पॅडल मारलं.

परत येताना सगळे नेहमीसारखे डांबरी रस्त्याने आले. ताई दिवस कलता घरी पोचली तेव्हा सगळा कळप बंद फाटकाला तोंड लावून उभा, जिभा बाहेर. गाठ सुटेना म्हणून तिने दोरी कोयत्याने तोडली. बाकीची मेंढरं वाचली, पण म्हातारी मेंढी, जिच्या मागे सगळा कळप चालायचा, ती फाटकापाशीच पडली ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी गेली. ताईचा गाल दाढेमुळे भोपळ्यासारखा सुजलेला, तोंड धड उघडत नव्हतं. तिने तोडलेल्या दोरीचा तुकडा बहिणीपुढे धरला. मावशीने गाठ बघितली. ती गाठ तिने पडद्यांना, गाद्यांना, आपल्या चड्डीच्या नाडीलाही बघितली होती.

"कोणी?" ताई दातांतून म्हणाली.

"मी."

"तू पुढे असतेस."

"मागच्याने काय करायचं ते मीच शिकवलं ना? फाटक लावायचं हे शिकवलं. उघडं असेल तर का उघडं आहे ते बघायचं, हे नाही शिकवलं. म्हणजे मीच."

ताईने वरच्या फाटकाला कुलूप घातलं आणि वाटेवर काटेरी झुडपं तोडून टाकली. वाट बंद झाली.

मास्तरांनी घरी कबुली दिली तेव्हा मावशी चाकाच्या तारा आवळत होती. "माहीत आहे," एवढंच म्हणाली. मास्तर म्हणाले, मी जाऊन ताईंचे पाय धरतो. "पाय धरून मेंढी उठते का? बसा."

लोकांनी मावशीला पुष्कळ सल्ले दिले. कंपाउंडर म्हणाला, अर्ज करू, वाट सगळ्यांची आहे. मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो सायकलला हवा भरायला लागला. "कुरण तिचं, मेंढी तिची," ती म्हणाली. "आणि वाट कुणाची, ते तिला ठरवू दे."

पण ती गप्प बसली नाही. रोज भर दुपारी ती पायी ताईच्या कुरणावर जायला लागली. म्हातारी मेंढी गेल्यापासून कळपाला पुढारी उरला नव्हता, मेंढरं झऱ्याकडे जायचं सोडून वेडीवाकडी फिरायची. मावशी त्यांना हाकून पाण्यावर न्यायची, पाजून वर आणायची. ताई पडवीत बसून बघायची.

"तुला कुणी बोलावलं?"

"मेंढरांनी."

"हाकतेस पण कशी, लाज वाटते बघायला. काठी खाली धर."

दुसऱ्या दिवशी मावशीने काठी खाली धरली. उन्हाळाभर हे चाललं. वाटेबद्दल दोघींपैकी एकीनेही शब्द काढला नाही. मावशीची सायकल दुकानात खुंटीला टांगलेली. आम्ही विचारलं तर म्हणायची, "टायरला विश्रांती." पण संध्याकाळी ती दाराशी उभी राहून डोंगराकडे बघायची, आणि त्या वेळी मास्तर मशीन बंद ठेवायचे.

मेंढरांमागे फिरता फिरता तिच्या एक लक्षात आलं. दगडी बांधात कुठे दगड ढासळून खिंड पडली तरी मेंढरू प्रत्येक खिंडीतून जात नाही. पोट अडेल असं वाटलं की आधी थांबतं, वास घेतं आणि माघारी फिरतं. मावशी घरी आली, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मास्तर, फाटकच नको. माणूस आहे, चुकणारच. लावायला काही ठेवलंच नाही तर चुकेल कसा? बांधातच फट ठेवायची. सायकल आणि माणूस जाईल, मेंढरू नाही."

"सायकलचं हँडल मेंढरापेक्षा रुंद आहे," मास्तर म्हणाले. "हँडल गेलं तर मेंढरू जाणारच."

"तेच तर."

मास्तरांची नजर समोर टांगलेल्या झंपरच्या गळ्यावर गेली. मग खडू उचलून त्यांनी जमिनीवर तसाच आकार काढला. वर रुंद, खाली निमुळता. "व्ही गळा. माणसाचे पाय खाली बारीक, सायकल उचलून धरली की हँडल वर. मेंढराचं सगळं अंग खाली." आणि म्हणाले, "पण माप घ्यायला पाहिजे. अंदाजाने कापत नाही मी."

दुसऱ्या दिवशी दोघं ताईपुढे उभी. मास्तरांच्या गळ्यात टेप.

"ताई, तुमच्या मेंढ्याचं माप घ्यायचंय."

ताईने आधी बहिणीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "मास्तर, गाठ तुमची होती. मी तेव्हाच ओळखली. मेंढरं राखणारा माणूस अशी गाठ मारत नाही."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. "हो. माझीच."

"मग हिने का सांगितलं, मी म्हणून?"

"विचारा तिला."

मावशी म्हणाली, "मेंढा धर ताई, तो मास्तरांना बघून बुजलाय."

मेंढा धरला. मास्तरांनी छाती मोजली, पोट मोजलं, लोकर दाबून मोजलं, मोकळी सोडून मोजलं. मेंढ्याने मध्येच टेपचं टोक चावलं. मग सगळ्यात बारक्या मेंढीचंही माप घेतलं; कोकरं आईला सोडून जात नाहीत, असं ताई म्हणाली. मापं झाल्यावर ताईने आत जाऊन पहार आणली आणि म्हणाली, "कुठे फोडायचाय बांध?"

पहिली फट चुकली. मेंढा अडला, पण कंपाउंडरही अडला. त्याला मागे ओढून काढताना शर्टाचं बटण गेलं, मावशीने तिथल्या तिथे लावून दिलं. दुसऱ्या खेपेला खाली उंबऱ्यासारखा आडवा दगड बसवला, बाजूचे दगड मास्तरांच्या मापाने तिरके रचले. ताईने स्वतः मेंढ्याला काठीने रेटलं. त्याने डोकं घातलं, खांदे अडले, मागे सरला, परत घातलं. शेवटी रागाने ताईकडेच वळला. मग मावशीने सायकल उचलली, छातीशी धरली आणि सहज पलीकडे गेली.

ताई बराच वेळ त्या फटीतून हात फिरवत राहिली, शिवण तपासावी तशी. "खालच्या फाटकाशेजारीही अशीच करा," ती म्हणाली. "फाटकांना तुमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही. उघडं असो की बंद."

"नाही लावणार."

"आणि पाण्यावर यायचं सोडू नकोस. नवी मेंढी अजून शिकतेय. तुझ्या मागे जातात ती आता."

मावशीने मान हलवली. सुट्टीच्या दिवशी वरच्या फटीपाशी सगळी रांग थांबली. एकेकाने सायकल छातीशी उचलून पलीकडे नेली. मास्तर सगळ्यात शेवटी होते. पलीकडे आल्यावर त्यांना काय करावं ते कळेना, हात मोकळेच राहिले. ओरडण्यासारखंही काही नव्हतं. मावशी पुढे एक पाय टेकवून त्यांची वाट बघत होती.

"आलात?"

"आलो."

"मग चला." आणि ती कुरणाच्या उतारावर सुटली. बाजूला मेंढरं चरता चरता मान वर करून बघत होती.