शेळीला दिलेल्या गोळ्या

तिसऱ्या महिन्यात माझं पोट पडलं, तेव्हा सोलापुरातल्या एका दवाखान्यात पिशवी साफ करून घेतली. काम पंधरा मिनिटांचं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "ताप येऊ नये म्हणूनच या आहेत. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत."

नवऱ्याने मला आरामासाठी गावी, सांगोल्याकडे, सासूजवळ नेऊन सोडलं. आराम! दुसऱ्या दिवशी फळीवर गोळ्यांचं पाकीट नव्हतं. विचारलं तर सासू गोठ्यातून हात पुसत आली. गाभण शेळी आजारी होती, म्हणून तिने सगळ्या गोळ्या कुटून भाकरीतून तिला चारल्या होत्या.

"तुला कुटं ताप हाय? तिच्या पोटात पिल्लं हायेत. तुजं तर रिकामं झालं की."

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आईला कळतं. मी गप्प बसले, आणि त्याबद्दल सासूइतकाच मला माझाही राग येतो. आठव्या दिवशी तापाने फणफणत परत सोलापूर गाठलं. पुढे तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या तुटल्यामुळे संसर्ग आत पसरून दोन्ही गर्भनळ्या बंद झाल्या होत्या, आता मूल राहणार नाही.

सासूने मात्र गावभर सांगितलं की सुनेतच खोट आहे. चार वर्षं मी ते ऐकून घेतलं. मग धाकट्या जावेचं ओटीभरण आमच्या सोलापूरच्या घरी झालं. मी तबक उचललं तसा सासूने बायकांदेखत माझा हात धरला.

"तू नगं. लेकुरवाळीनं भरायची आसती."

मी तबक खाली ठेवलं नाही. माझ्या गोळ्या कुणी कुणाला चारल्या, डॉक्टरीणबाई नंतर काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण एक शब्दही गाळला नाही.

सासू पुटपुटली, "मला काय म्हाईत?"

"म्हाईत नव्हतं, मग चार वर्सं माझ्यात खोट कुटनं दिसली, आत्या?"

जावेने माझ्यापुढे पदर पसरला. मी सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी तिची ओटी भरली. मग सासू ओंजळीत तांदूळ घेऊन पुढे आली, तेव्हा जावेने पदर आवरून पोटावर घेतला. सासू तशीच उभी राहिली. मला फार बरं वाटलं, आणि अजूनही वाटतं.