शेवटचं काचेचं कौल

मी पारोळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या जुन्या इमारतीची दुरुस्ती झाली, तेव्हा छपरात काचेची कौलं बसवायला शिंदखेड्याकडचे एक आबा येत. मापाचा टेप त्यांनी कधी काढलाच नाही. मातीचं एक कौल काढायचं, खाली उतरायचं आणि फरशीवर पडलेल्या उन्हात टोपी ठेवून ऊन कुठे सरकतं ते तासभर बघत बसायचं. बोलणं जवळपास नाहीच. डबाही भिंतीकडे तोंड करून खात.

इंजिनियरांच्या नकाशात शेवटचं कौल मधल्या दालनावर होतं. आबा माझ्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबले.

“आठे कोन बसस?”

“मीच. दिवसभर.”

“आनि समोर?”

“समोर कोणी नसतं, आबा.”

दुसऱ्या दिवशी बघतो तर ते कौल माझ्या टेबलावरच्या छपरात बसलेलं. इंजिनियर चिडले. आबांनी शिडी काढून घेतली. जाताना मला म्हणाले, “आते तुमनी सावली तरी सोबतले राही.”

चारच्या सुमारास माझी सावली समोरच्या खुर्चीत येऊन बसते. आबांच्या घरी काचेचं कौल आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं.