ढवळे सरांची लॅब

"लिनक्स म्हणजे उबुंटूच ना, सर?" असं कुणी विचारलं की ढवळे सर टेबलावर अशी मूठ आपटायचे, की कीबोर्ड उडायचा. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. गाव टेंभुर्णी, बोलणंही तिथलंच राहिलेलं. "लिनक्स म्हंजे कॉम्प्युटर चालवणारा नुसता गाभा रं! त्यावर कुणी उबुंटू रचली, कुणी डेबियन, कुणी आर्च. काम बघून निवडायची. जुन्या मशीनला हलकी, हापिसाला भरवशाची. त्यात भांडायचं काय हाय?"

आम्ही भांडायचोच. मी आर्चवाला, रोज नवं ते हवं. विणकराच्या घरातला श्रीनिवास डेबियनवाला. जुनं चालेल, पण बिघडता कामा नये. चेष्टेवरून शिव्यांवर आणि शिव्यांवरून कॉलर धरण्यापर्यंत गेलं. सर दोघांच्याही पाठीत धपाटे घालायचे.

शेवटच्या वर्षी एका सकाळी पाहतो तर माझ्या मशीनवर डेबियन. आर्च पुसलेलं, त्यासोबत माझं वर्षभराचं प्रोजेक्टही. श्रीनिवास हसत म्हणाला, "रोज बिघडत होतं की. नीट करून दिलं."

मी त्याचं डोकं धरून मॉनिटरवर आपटलं. पडदा तडकला, त्याच्या नाकातून रक्त उडालं. त्याने माझ्या दंडाला कडकडून चावा घेतला, पोटात लाथ घातली. मी लोखंडी स्टूल उचललं.

"सोड रं ते!" म्हणत सर मध्ये आले. माझे हात थांबले नाहीत. स्टुलाचा पाय सरांच्या डाव्या डोळ्यात घुसला.

सर चेहरा धरून मटकन खाली बसले. बोटांमधून रक्त गळत राहिलं. श्रीनिवासनेच शर्ट काढून डोळ्यावर दाबला.

डोळा गेला. दवाखान्यात पोलीस आले, तेव्हा मी दारातच उभा होतो. सर 'पडलो' म्हणतील, अशी मला आशा होती. त्यांनी माझं नाव सांगितलं. "त्यानं स्टूल मला मारायला न्हवतं उचललं. पर दुसऱ्याला मारायलाच उचललं हुतं, ते बी लिवा."

पोलीस केस आणि कॉलेजचं निलंबन यात माझं वर्ष गेलं. कॉलेजात परतलो तेव्हा सरांनी दोघांना समोर बसवलं. मला डेबियन उभारायला लावलं, त्याला आर्च. "एकमेकाचं आल्याबिगर हितनं हलायचं न्हाय."

आता आम्ही दोघं मिळून शाळांच्या लॅब उभारतो.

सर मागच्या वर्षी गेले. तोवर मी त्यांना भेटायला जायचो. ते चहा द्यायचे, नवीन काय आलंय ते विचारायचे. पण चुकून त्यांच्या डाव्या बाजूने मी बोललो, की त्यांचा हात झटकन चेहऱ्यावर जायचा. मग ओशाळून स्वतःच म्हणायचे, "बस रं, बस."