तुटलेल्या चेनवर परळपर्यंत

हे मी माझ्या बायकोलाही आजवर सांगितलेलं नाही. खरं तर तिला आधी सांगायला हवं होतं, कारण त्या दिवशी मागच्या सीटवर तीच होती.

मी मोटार मेकॅनिक. बिघाडाला कारण असतंच, ते सापडेपर्यंत उघडून बघायचं, एवढंच मला ठाऊक. भुताखेतांच्या, साक्षात्काराच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून जायचो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी गिरगावात एका गॅरेजमध्ये कामाला होतो आणि मागच्याच चाळीत राहायचो. गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. त्यांची छोटी मोटार माझ्याच हाताखाली असायची. तिची टायमिंग चेन सैल होऊन खडखडायला लागली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड ही साखळी असते. फॅनचा पट्टा तुटला तर गाडी तापत तापत का होईना, थोडी जाते. ही चेन तुटली की इंजिन त्याच क्षणी गप्प. पुढे एक फूटही नाही.

बाईंनी बरीच खटपट करून नवी चेन मिळवली आणि माझ्या हातात दिली. नेमकी तेव्हाच आमच्या चाळीतल्या कार्यकर्त्यांची कर्ण्याची गाडी बंद पडली. गाडी त्याच मेकची, गेलेली तीच चेन, आणि दुसऱ्या दिवशी सभा. मी बाईंची चेन त्या गाडीला घातली. चळवळीचंच काम आहे, बाईंना दुसरी आणून बसवू... असं मनाशी म्हटलं. मग कधी दुकानं बंद, कधी माल नाही. बाईंना मात्र ‘बसवली’ म्हणून सांगून मोकळा झालो. जुनी चेन तशीच ठेवून जाड ऑइल ओतलं. त्यानं खडखड दबते.

आणि मग एका हरताळाच्या सकाळी सुलभाला, माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या. ट्राम नाही, बस नाही, टॅक्सी नाही. बाई आल्या, तपासलं, आणि हात धुताना मला हळूच म्हणाल्या, “मूल आडवं आहे. इथं माझ्याच्यानं व्हायचं नाही. परळच्या हॉस्पिटलात नेऊ या.”

“बाई, गाडी...”

“गाडीचं काय? तूच तर नवी चेन घातलीस. चल.”

तेव्हा बोलायला हवं होतं. पण दुसरी गाडी कुठून आणणार होतो? मी पुढे बसलो. मागे सुलभा आणि माझी आई. बाई चालवत होत्या. माझा सगळा जीव इंजिनाच्या आवाजात.

“गाडीचं काय ऐकताय,” सुलभा कण्हत म्हणाली, “माझं ऐका जरा.”

“तो तसोच, बाय,” आई म्हणाली. “तू श्वास घे.”

भायखळा मागे पडला आणि झाकणाआड ठाणकन आवाज झाला. मागोमाग साखळी घसरून खाली पडल्याचा. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. मी डोळे मिटून घेतले.

गाडी थांबली नाही. नुसती उरलीसुरली खडखड थांबली.

“छान चाललीय रे वसंता,” बाई म्हणाल्या.

लालबागला पोरांनी अडवलं. रस्त्यात दगड, पिंपं. “बाई, आज बंद हाय.”

“ते पोटातल्याला सांग, बाबा. मी त्याला सांगून दमले.”

पोरं हसली, पिंपं सरकवायला लागली. त्यातल्या एकानं बॉनेटवर हात टेकला होता. त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं. “गाडी बंद केलीत काय? थरथरत पण नाय.”

“चालूच आहे,” बाई म्हणाल्या, आणि क्लच सोडला. गाडी निघाली.

हॉस्पिटलच्या दारात बाईंनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. दुपारी ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दोघी सुखरूप. संध्याकाळी मी खाली येऊन स्टार्टर मारला. काही नाही. पुढून इंजिनाचं हँडल मारून मारून हात सोलवटले. शेवटी गाडी दोरानं ओढून गॅरेजला आणावी लागली.

झाकण एकट्यानं उघडलं. चेन तुटून तळाशी पडलेली. झाकणाला आतून एकच ओरखडा, पडतानाचा. त्यानंतर आत काही फिरल्याची खूणच नाही. तुम्ही म्हणाल, उतार असेल. तिथून परळपर्यंत रस्ता सपाट आहे, आणि लालबागला तर आम्ही थांबून पुन्हा निघालो होतो. एकदा मी आमच्या जुन्या मिस्त्रीला आडून विचारलं, चेन तुटल्यावर गाडी किती जाते? तो म्हणाला, “ढकलशील तेवढी.”

कुणी ढकलली, मला माहीत नाही. ज्यानं कुणी ढकलली त्याला मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. माझी मुलगी आता कॉलेजात जाते. ती जिना उतरताना चपलांचा आवाज आला तरी मला भरून येतं.

पण बारशाला बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “वसंतानं ती चेन नीट बसवली म्हणून आपण आज पेढे खातोय.” आणि मी मान खाली घालून हसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

बाई आता थकल्या आहेत. दवाखाना बंद झाला, राहतात त्याच गल्लीत. अजूनही भेटलं की मुलीची चौकशी करतात. नवी चेन मी नंतर मिळवून बसवली, पण त्यानं काही फिटलं नाही. त्यांच्यासमोर बसून, ‘बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो’ हे एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो.