जरा बारीक करून ठेवा

ज्या ऑफिसात वजनकाटा असतो तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणसं आपणहून येतात, चपला काढतात, काट्यावर चढतात आणि किस्सा सोडून उतरतात. आमचा काटा सरकारने गरोदर बायांसाठी दिलेला. पण तालुक्याच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या आम्ही तीन सुपरव्हायझर, आमचे साहेब, टपाल टाकायला आलेला पोस्टमन, सगळे त्यावर चढायचे. साहेब आधी पट्टा काढत, मग घड्याळ, मग पाकीट. एवढं करून आकडा आवडला नाही तर म्हणत, "काटा खराब आहे, वरती कळवा!"

आमच्याकडे "कशी आहेस?" असं कुणी विचारत नाही. "काऊन वं, जाडी झाली!" नाहीतर "काऊन वं, वाळली!" हाच नमस्कार. मी बी.एस्सी. करून नागपूरहून इथे रुजू झाले, त्या दिवशी आमच्यातल्या सर्वांत सीनियर कमलबाईंनी मला आधी काट्यावर उभं केलं. नाव नंतर विचारलं.

* * *

तिसरी सुपरव्हायझर नंदा. गोंडपिपरीची. आम्ही दोघी एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. वजन चौसष्ट किलो. त्या चौसष्ट किलोंनिशी ती सायकलवर जंगलातल्या अंगणवाड्या फिरायची, चढावर उतरायची नाही, आणि अंगणवाडीत वाटायच्या सुकडीचं पोतं एकटी उचलायची.

उन्हाळ्यात तिला माजरीच्या कोळसा खाणीतल्या एका क्लार्कचं स्थळ आलं. मुलाची आई पाहून गेली आणि चार दिवसांनी निरोप आला, "मुलगी पसंत हाय. जरा बारीक करून ठेवा. धान कापणी झाली की येतो."

जसा काही ब्लाऊज शिंप्याकडे टाकला!

मला वाटलं, नंदाची आई त्यांना चार शब्द सुनावेल. तिने नंदाला पत्र पाठवलं. त्यात एकच ओळ होती, "कापणीले सहा महिने हायत, लागून जा."

* * *

मग काय, अख्खं ऑफिस लागून गेलं. कमलबाईंनी मेथीचं पाणी सांगितलं. साहेबांनी रात्रीचं जेवण बंद करायला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या हातात भजी होती. काट्याच्या वर भिंतीवर एक पुठ्ठा लागला. त्यावर दर सोमवारी नंदाचं वजन लिहायचं, ते पण लाल शाईने. कुपोषित पोरांचे तक्ते धूळ खात होते. हा पुठ्ठा मात्र एका सोमवारी चुकला नाही.

नंदा सकाळी कोरा चहा घ्यायची, दुपारी एक पोळी, संध्याकाळी पुन्हा कोरा चहा. आणि काम काय, तर अंगणवाडी सेविकांना सकस आहार शिकवणं!

एकदा ट्रेनिंगमध्ये ती ताटाचं चित्र दाखवत होती. "ही डाळ. ही हिरवी भाजी. हे अंडं. बाईनं हे रोज खाल्लं पाहिजे." बोलता बोलता तिने टेबल धरलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी सेविका म्हणाली, "बाई, तुमी काऊन नाई खात?"

नंदा म्हणाली, "माहं लग्न हाय."

आणि पस्तीसच्या पस्तीस बायांनी समजूतदारपणे माना हलवल्या!

* * *

आषाढापर्यंत ती त्रेपन्नवर आली. काय ते कौतुक! "चेहरा कसा कोरून काढल्यासारखा झाला," कमलबाई म्हणाल्या. साहेबांनी तर मीटिंगमध्ये तिला उभं केलं. "इच्छाशक्ती बघा! नाहीतर आमच्या घरचे!"

त्या आठवड्यात मला खोलीतल्या केरात मूठभर केस सापडत होते. नंदा सायकल हातात धरून चढ चढायला लागली होती. मधेच थांबायची आणि झाडं बघतेय असं दाखवायची. तिची नखं कागदासारखी पांढरी पडली होती.

मी कमलबाईंना म्हटलं, "बाई, तिचं रक्त तपासायला हवं. नखं बघा तिची."

"नखं कोण पाहते?" त्या म्हणाल्या. "नेलपॉलिश लाव म्हणा!"

मी चिडून काहीतरी बोलले. कमलबाईंनी साहेबांकडे तक्रार केली की नागपूरच्या पोरींना वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं ते शिकवत नाहीत. खरंच शिकवत नाहीत. मला तर काहीच शिकवलं नाही असं मला पुढच्याच महिन्यात कळलं.

* * *

पंधरा ऑगस्टला आमच्याकडे सुदृढ बालक स्पर्धा असते. मंडप, लाऊडस्पीकर, दोन पाहुणे, परीक्षक म्हणून साहेबांच्या मिसेस आणि कमलबाई. मी टेबलावर बसून वजनं लिहीत होते.

गर्दीतून एक गोंड बाई पोराला कडेवर घेऊन आली. दोन वर्षांचा असेल. गाल हे एवढे! पाय गोलमटोल, कातडी चकचकीत, केस भुरे. मिसेस म्हणाल्या, "अय्या, इंग्रजाच्या पोरासारखा दिसतो!" कमलबाईंनी त्याला आईकडून घेतलं, काट्यात टाकलं, आकडा ओरडून सांगितला. मी तो लिहिला. मान वर न करता लिहिला.

पहिला नंबर! बक्षीस म्हणून प्लॅस्टिकची बकेट आणि स्टीलचा ग्लास. पाहुण्यांच्या मांडीवर ठेवून त्याचा फोटो काढायचं ठरलं. बाकीची पोरं भोकाड पसरून रडत होती. हा रडत नव्हता. हलतही नव्हता. तेव्हा कुठे मी उठले. त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खड्डा पडला. ओल्या मातीत पडावा तसा, आणि तो तसाच राहिला.

ते पोर गुबगुबीत नव्हतं. उपाशी होतं. अंगात अन्नाऐवजी पाणी साचलं होतं.

"साहेब, हे आजारी आहे! ही सूज आहे!"

"मॅडम, फोटो होऊ द्या."

फोटो झाला. आई बिचारी बकेटीकडे बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "मी तं दवाई घ्याले आली होती जी. हे बकेट काऊन देऊन राह्यले?"

* * *

त्या पोराला मी आणि नंदाने दवाखान्यात नेलं. तीन आठवडे ठेवलं. दूध, अंडं, डाळ पोटात गेली तशी सूज उतरली. खालून खरं पोर निघालं, काडीसारखं. पण ते रडायला लागलं, हात मारायला लागलं, एकदा तर नंदाची वेणी ओढली. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो.

पुढच्या महिन्यात साहेबांचा मेमो आला. माझ्या नावाने. "प्रथम क्रमांकाच्या बालकाचे वजन आपल्या देखरेखीखाली दीड किलोने कसे घटले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा."

मी खुलासा लिहिला, "बालक बरे होत असल्यामुळे."

साहेबांनी शेरा मारला, "उद्धट!" फोटो अजूनही त्यांच्या खुर्चीमागे टांगलेला आहे.

* * *

सप्टेंबर संपता संपता पुठ्ठ्यावर गडबड झाली. त्रेपन्न, मग साडेत्रेपन्न, मग पंचावन्न. कमलबाईंनी नंदाचा डबा उघडून तपासला. "चोरून खाते का वं?"

नंदा रात्री माझ्या कुशीला येऊन रडली. "खरंच नाई खात वं मी. मले तं आता भूकच नाई लागत." दुसऱ्या दिवसापासून तिने ती एक पोळीही बंद केली.

चार दिवसांनी आम्ही दौऱ्यावरून परतलो. खोलीच्या उंबऱ्यावर बसून तिने चप्पल काढली, तर चपलेचे पट्टे पावलावर तसेच उमटून राहिले होते. खोल. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला.

आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. दोघींनाही तो ओळखीचा होता. नंदा हळूच म्हणाली, "माहाही पहिला नंबर."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि आधी माझ्यावर ओरडल्या, मग तिच्यावर. रक्त निम्म्यावर आलेलं, पोटात जंत, आणि हृदयाची धडधड पोलक्यावरून दिसत होती. "आणखी महिनाभर अशीच राहिली असतीस ना, तर लग्नाला तुझा फोटोच न्यावा लागला असता!"

नंदाची आई गोंडपिपरीहून धावत आली. सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, "बाई, या गोळ्यांनं वजन तं नाई वाढणार?"

डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीबाहेर काढलं.

* * *

मग नंदा खायला लागली. पोळी, डाळ, दोन अंडी, शेंगदाणे, गूळ, अंबाडीची भाजी. आणि काय झालं असेल? पहिल्या दोन आठवड्यांत वजन चार किलोने उतरलं! सूज गेली. उपाशी होती तेव्हा वाढत होतं, खाऊ लागली तसं कमी झालं. मी पुठ्ठ्यासमोर उभी राहून अख्ख्या ऑफिसला हे समजावून सांगितलं. पोराचं उदाहरण दिलं. साहेबांच्या मागचा फोटोही दाखवला.

कमलबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मेथीचं पाणी जरा उशिरानं लागू पडते."

त्या संध्याकाळी नंदाने पुठ्ठा भिंतीवरून काढला आणि चुलीत घातला. कोण रागावलं, कोण नाही, तिने विचारलं नाही. डिसेंबर येईपर्यंत ती पुन्हा चढावर सायकलवरून उतरेनाशी झाली. वजन किती होतं ते मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं.

* * *

धान कापून झालं. मुलाची आई, माजरीवाल्या बाई, गोंडपिपरीला आल्या. मुलगा, त्याचे काका आणि त्या. मी आणि कमलबाई नंदाकडून हजर होतो. बाई खुर्चीत मावेनात म्हणून बाजेवर बसल्या. पायातली जोडवी मांसात रुतलेली.

"उभी राय पोरी. फिर. अजून फिर." त्यांनी नंदाला कापड पाहावं तसं पाहिलं. "आधीपेक्षा बरी हाय. पण अजून चार किलो गेले पाह्यजेत. नंतर पोरं झाल्यावर तं फुगणारच. आता माहंच घ्या. पन्नाशी आली, पण तब्येत कशी भरलेली हाय! आजवर डॉक्टरचं तोंड नाई पाह्यलं मी."

नंदाच्या आईने डोळ्यांनी खूण केली. नंदा पुढे झाली आणि बाईंच्या पाया पडायला वाकली.

वाकली ती उठेचना. एक, दोन, तीन, चार. बाई खूश झाल्या. मुलगा खूश झाला. कमलबाई माझ्या कानात पुटपुटल्या, "पाह्य, शीक काही. याले म्हणते संस्कार!"

मग नंदाने त्यांच्या पावलावर दाबलेला अंगठा उचलला. माझ्या जागेवरूनही खड्डा दिसला.

"बाई," ती खाली बसूनच म्हणाली, "ही तब्येत नाई, सूज हाय. डोळ्याखाली बी हाय. लघवी तपासून घ्या. लवकर."

काका उठले. "आमी सून पाह्यले आलो का डॉक्टरीण?" बाईंनी पदर पायावर ओढून घेतला आणि चालत्या झाल्या. नंदाची आई भिंतीला टेकून रडू लागली. कमलबाई म्हणाल्या की सहा महिन्यांची मेहनत एका अंगठ्याने घालवली.

नंदाने पाहुण्यांच्या पोह्यांच्या बशा गोळा केल्या. एक मला दिली. दोन तिने खाल्ल्या.

* * *

पुढच्या सोमवारी सकाळी आम्ही ऑफिस उघडत होतो. पहिल्या एसटीने उतरून कुणीतरी हळूहळू येत होतं. दर दहा पावलांवर थांबत होतं. माजरीवाल्या बाई. एकट्याच. खाणीच्या कॉलनीतल्या दवाखान्यात कुणी पाहिलं असतं म्हणून दोन एसट्या बदलून इथवर आलेल्या. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती.

कमलबाई सवयीने उठल्या, पुढे होऊन म्हणाल्या, "या या बाई, चढा काट्यावर!"

त्यांनी कमलबाईंकडे बघितलंही नाही. नंदाच्या टेबलासमोरचं स्टूल ओढलं, दोन्ही हातांनी धरून पाय त्यावर ठेवला आणि लुगडं घोट्याच्या वर घेतलं.

"काटा राहू दे," त्या नंदाला म्हणाल्या. "अंगठा दाब."